४.३ स्टार आणि ‘आम्हाला काहीही चालेल’

‘आम्हाला काहीही चालेल’ हे बहुतेक मराठी आईवडिलांचं कुठल्याही हॉटेलविषयीचं एकमेव जाहीर मत असतं. तीनच शब्द, पण तिन्हींचा खरा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. ‘काहीही’मध्ये रात्री नऊनंतरचं जेवण येत नाही, गुरुवारचं अंडं येत नाही, तीनशे रुपयांची भाजी येत नाही. ‘चालेल’ म्हणजे आवडेल असं नाही. ‘चालेल’ म्हणजे निभावून नेऊ. आणि ‘आम्हाला’ या अनेकवचनात दोन वेगळ्या जिभा, दोन वेगळे आजार आणि संसारभराच्या तडजोडी एकत्र बसवलेल्या असतात.

फेब्रुवारीत माझे आईबाबा कराडहून चार दिवस वसईच्या किनाऱ्यावर राहायला आले. आई ७२, बाबा ७६. आईचं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे ती माशांवर वाढलेली. बाबा घाटावरचे, मटण-भाकरीचे. मासा म्हणजे काट्यांची कटकट असं मानणारे. माझं विरारचं घर वन रूम किचन, म्हणून राजोडीजवळ एक खोली घेतली. समुद्र दिसला पाहिजे एवढीच त्यांची अट होती. जेवणाचं माझ्याकडे. चार दिवस म्हणजे नाश्ते धरून दहा-बारा वेळा खायचं होतं. माझ्या हातात फोन, फोनमध्ये नकाशा, नकाशावर हॉटेलांच्या खुणा आणि प्रत्येक खुणेखाली एक आकडा: ४.१, ४.३, ३.९.

हा लेख त्या आकड्यांबद्दल आहे, आणि आकड्यांखाली लिहिल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल. ज्यांनी आयुष्यात एकाही पुस्तकाचं परीक्षण लिहिलं नाही, त्यांनीही कधीतरी एखाद्या हॉटेलला स्टार दिलेले असतात. आपल्या पिढीने सर्वांत सहज लिहिलेली समीक्षा कुठली असेल तर ती ही. मग ती समीक्षा म्हणूनच वाचून बघू. ती कोण लिहितं, कुणासाठी लिहितं, आणि तिच्यातून कोण सुटून जातं?

स्टारमागचा माणूस

हॉटेलांना स्टार देण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत एका टायर कंपनीची आहे. फ्रान्सच्या मिशलँने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९२६मध्ये चांगल्या हॉटेलांना एक स्टार द्यायला सुरुवात झाली, १९३१मध्ये दोन आणि तीन स्टार आले, आणि १९३६मध्ये त्यांचे अर्थ छापले गेले. एक स्टार म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन म्हणजे खास तेवढ्यासाठीच प्रवास करावा असं. अर्थ नीट वाचले तर लक्षात येतं की हे मोजमाप चवीइतकंच अंतराचंही आहे. किती लांब गाडी चालवत जायचं, हा प्रश्न आहे. टायर विकणाऱ्यांना दुसरा कुठला पडणार?

न्यूयॉर्कमध्ये टिम आणि नीना झॅगट या वकील जोडप्याने १९७९मध्ये मित्रमंडळींची मतं गोळा करून यादी केली. तिथे पुढे ३०पैकी गुण द्यायची पद्धत रुळली, आणि जेवण, सजावट, सेवा यांचे आकडे वेगवेगळे छापले जाऊ लागले. आपल्याकडचं झोमॅटो २००८मध्ये ‘फूडीबे’ या नावाने सुरू झालं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मेन्यूकार्डं बघायला गर्दी होते हे पाहून दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा यांनी ती स्कॅन करून ठेवली होती.

म्हणजे प्रत्येक पद्धतीच्या मागे एक माणूस गृहीत धरलेला आहे. एकीकडे लांब जायची तयारी असलेला मोटारवाला, दुसरीकडे आपल्या शहरात सतत बाहेर जेवणारं मित्रमंडळ, तिसरीकडे जेवायला पाऊण तास मिळालेला नोकरदार. यात गैर काही नाही. कुणीतरी खाणारा असल्याशिवाय चव असणार कशी? अडचण पुढे होते. नकाशावरच्या ४.३मध्येही असाच एक माणूस असतो, पण तो दिसत नाही. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव या पट्ट्यातल्या जागांची समीक्षणं मी चार दिवसांत शंभरावर वाचली असतील. हळूहळू मला तो माणूस दिसायला लागला. तो २५च्या आसपासचा आहे, रविवारी तीन मित्रांबरोबर बाइकवरून आलाय, त्याचे सगळे दात शाबूत आहेत, आणि घरी परतल्यावर त्याला कुठलीही गोळी घ्यायची नाही. तो माझ्या ओळखीचाच आहे. गेली दहा वर्षं मी तोच होतो. पण त्याचा आकडा माझ्या आईला लागू पडत नाही, आणि हे त्या आकड्याखाली कुठेही लिहिलेलं नाही.

चार शब्द

या समीक्षणांचा शब्दसंग्रह छोटा आहे. चारच शब्द घेतो: ‘पैसा वसूल’, ‘फ्रेश’, ‘स्पायसी’, ‘अँबियन्स’.

‘पैसा वसूल’ हे पोटाच्या आकाराबद्दलचं विधान आहे. भरपूर वाढतात, अनलिमिटेड आहे, दोघांत तिघं जेवतात, असा त्याचा अर्थ. आता ७२ वर्षांच्या बाईपुढे दहा वाट्यांची थाळी ठेवा. तिचं जेवण दीड भाकरीचं. शिवाय ती ‘पानात टाकायचं नाही’ या शिकवणीत वाढलेली. तिच्यासाठी ती थाळी म्हणजे मेजवानी नसते, परीक्षा असते. थाळी आली की आई पहिला घास घेण्याआधी अर्ध्या वाट्या माझ्या पानात सरकवते आणि मग चोरून बिलाकडे बघते. जिथे हाफ प्लेट मिळते, जिथे ‘एकच थाळी घ्या, भाकरी जास्तीची देतो’ असं मालक स्वतः म्हणतो, तिथे तिचा पैसा वसूल होतो. असं वाक्य मला एकाही समीक्षणात सापडलं नाही.

‘फ्रेश’ला महिना लागतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत खाडीतलं किंवा छोट्या होडीचं थोडंफार मिळतं, पण मोठं पापलेट बहुतेक बर्फातलंच. मेन्यूकार्ड मात्र लॅमिनेट केलेलं, बाराही महिने तेच. म्हणून जुलैत लिहिलेला ‘फ्रेश’ आणि फेब्रुवारीत लिहिलेला ‘फ्रेश’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सरासरीत ते एकत्र कालवले जातात. आईची पद्धत वेगळी. ती कधीच ‘ताजं आहे का’ असं विचारत नाही. त्याला उत्तर एकच असतं. ती विचारते, ‘आज काय आलंय?’ याचं उत्तर देणाऱ्याला खरंच काहीतरी माहीत असावं लागतं. पहिल्या दिवशी एका हॉटेलात या प्रश्नावर वेटरने मेन्यूकार्ड पुढे केलं. आईने ते हातात घेतलं, न उघडता खाली ठेवलं आणि वरण-भात मागवला. माझ्या मते तो एक संपूर्ण रिव्ह्यू होता.

‘स्पायसी’ हा शब्द शरीराच्या बाबतीत फसवा आहे. वय वाढतं तशी वासाची जाण कमी होते, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. त्यात काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, कवळी असेल तर टाळू झाकली जाते. म्हणून म्हातारी माणसं ‘कशालाच चव नाही हल्ली’ म्हणतात ते नुसतं कुरकुरणं नसतं. पण हॉटेलं चव वाढवतात ती तिखट आणि मिठाने. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि बाबांना रक्तदाब आहे. त्यांना हवा होता तो वास: ताज्या वाटणाचा, आमसुलाचा, तव्यावरून थेट आलेल्या भाकरीचा. तिखट कमी करून वास वाढवता येतो, हे प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत असतं. मात्र त्यासाठी जेवण सांगितल्यावर करावं लागतं. सकाळी करून ठेवलेली ग्रेव्ही गरम करून ते साधत नाही.

आणि ‘अँबियन्स’. किनाऱ्यावर याचा अर्थ ठरलेला आहे: वाळूत खुर्च्या, पिवळे मिणमिणते बल्ब, गाणी. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत रुततात. बसताना गंमत वाटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की खुर्ची आणखी रुतते. मिणमिणत्या उजेडात, मोतीबिंदूच्या डोळ्यांना मांदेलीचा काटा दिसत नाही. मेन्यू क्यूआर कोडवर असला की बाबांच्या हातातून निवडच जाते. मग मी वाचून दाखवायचं आणि त्यांनी ‘तुला काय हवं ते’ म्हणायचं. आई म्हणाली, ‘सुंदर आहे रे.’ आणि थोड्या वेळाने, ‘आत बसायला जागा आहे का?’

ही सगळी माहिती चवीइतकीच महत्त्वाची आहे. टेबलापासून संडास किती लांब आहे, तो भारतीय पद्धतीचा आहे की कमोडचा, वाटेत पायऱ्या किती, हात धुवायला बेसिन कुठे आहे? मिशलँच्या दोन स्टारांचा अर्थ ‘वाट वाकडी करून जावं’ असा. माझ्या आईबाबांची वाट किती वाकडी करता येते ते आधी या प्रश्नांवर ठरतं.

साडेसातचं जेवण

या पट्ट्यातली रिसॉर्टं हा स्वतंत्र प्रकार आहे. मुंबईहून सकाळी यायचं, नाश्ता, स्विमिंग पूल, जेवण, रेन डान्स, चार वाजता चहा-भजी, संध्याकाळी लोकलने परत. ऑफिसच्या सहलींसाठी आणि मोठ्या कुटुंबांसाठी हे पॅकेज सोयीचं आहे, आणि त्याला मिळणारे स्टार त्या सोयीचे आहेत. पण या पॅकेजचं घड्याळ रिसॉर्टचं असतं. एका ठिकाणी (नाव महत्त्वाचं नाही) रात्रीचं जेवण साडेसातला मिळेल असं सांगितलं होतं. बाबांनी साखरेची जेवणाआधीची गोळी सात वाजता घेतली. जेवण आलं पावणेनऊला. मधल्या वेळात काउंटरवरच्या मुलाने तीनदा ‘पाच मिनिटं’ म्हटलं. साखरेच्या काही गोळ्यांनंतर जेवण लांबलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आईच्या पर्समध्ये बिस्किटं होती. आईच्या पर्समध्ये बिस्किटं कायमच असतात, आणि अशा बिस्किटांमुळे अनेक हॉटेलांचे स्टार टिकून राहतात.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याच्यासाठी सव्वा तासाचा उशीर म्हणजे रविवारची रात्र. पण समीक्षेच्या दृष्टीने बघा: ‘सर्व्हिस थोडी स्लो, पण फूड मस्त’ या वाक्यातला ‘थोडी’ शब्द कोण उच्चारतोय यावर तो शब्द किरकोळ आहे की गंभीर हे ठरतं.

याउलट स्टेशनजवळची उडपी हॉटेलं. किनाऱ्याच्या यादीत त्यांचं नावही येत नाही, त्यांच्या बाबतीत कुणी ‘मस्ट ट्राय’ लिहीत नाही. पण सकाळी सातला उघडी, लखलखीत उजेड, पक्की टेबलं, मऊ गरम इडली, सांबार वेगळ्या वाटीत, पाणी ‘साधं की थंड’ असं विचारून. साखरवाल्यासाठी बिनसाखरेचा चहा मागितला तर कुणी वळून बघत नाही. बाबा तिथे सगळ्यात मोकळे होते. कारण तिथे मेन्यू त्यांना पाठ होता. न वाचता, कुणाला न विचारता, वेटरला हाक मारून ते स्वतः ऑर्डर देऊ शकत होते. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

खानावळीत कोण कुणाला गुण देतं

तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्या रिक्षावाल्याने एक नंबर दिला. निर्मळच्या बाजूला वाडीतलं घर, पाटी नाही, नकाशावर खूण नाही. आधी सांगितलं तर करून देतात. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी तीन प्रश्न विचारले: किती जण, तिखट किती, कुणाला काही चालत नाही असं आहे का? मी बाबांचा रक्तदाब, साखर, आईचा गुरुवार असं सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, ‘आईंकडे द्या ना फोन.’

पुढची दहा मिनिटं फोन आईकडे होता. तोपर्यंतच्या सगळ्या जेवणांत हे कुणी विचारलं नव्हतं.

खानावळ या संस्थेचा इतिहास इथे आठवावा लागतो. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो एकटे कामगार चाळीतल्या बायकांच्या हातचं महिन्याच्या हिशोबाने जेवत. माझे एक चुलत आजोबा लालबागला असेच जेवले. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून. त्या व्यवस्थेत जेवणाऱ्याने स्टार द्यायचा प्रश्नच नव्हता. नाही आवडलं तर तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाई. पण वाढणारीला प्रत्येक जेवणारा माहीत असायचा: कोण रात्रपाळीला आहे, कुणाचा सोमवार आहे, कुणाला वातूळ चालत नाही, कुणाचे पैसे या महिन्यात उशिरा येणार आहेत. मेक्सिकोतही अशा छोट्या घरगुती खाणावळी असतात. त्यांना फोंडा म्हणतात (आपल्याला गोव्यातलं गावच आठवेल), आणि तिथे दुपारचं सूप, भात आणि दिवसाचा एक पदार्थ असं ठरलेलं जेवण ठरलेल्या पैशांत मिळतं. माणूस घरापासून लांब गेला की असं काहीतरी सगळीकडे उभं राहत असावं.

नकाशावरच्या आकड्यात हॉटेलची माहिती असते, जेवणाऱ्याची नसते. खानावळ जेवणाऱ्याची माहिती घेऊन सुरू होते. म्हणून ‘घरगुती जेवण’ या पाटीची माझी कसोटी आता एकच आहे. किनाऱ्यावर ही पाटी दर शंभर पावलांवर आहे. पनीर टिक्का विकणाऱ्यांकडेही आहे. फोन करा आणि बघा, ते तुम्हाला काही विचारतात का. फक्त रेट सांगितला तर ते हॉटेल आहे. हॉटेल असण्यात कमीपणा नाही, पण मग ‘घरगुती’ म्हणू नये.

घर, पण कुणाचं?

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ‘घरगुती’ हा शब्द आपण फार निरागसपणे वापरतो. घर म्हटलं की ते कुणाचं तरी असतं, आणि मराठी माणसाला ‘कुणाचं’ हे कळल्याशिवाय घास उतरत नाही. वसईत कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती अशी घरं शेजारीशेजारी आहेत. ज्या बाईंकडे जायचं होतं त्या कुपारी ख्रिस्ती. रिक्षात बसल्यावर बाबांनी हळू आवाजात विचारलं, ‘तिथं... सगळं चालतं ना त्यांच्यात?’

बाबा कट्टर नाहीत. पण वसईच्या विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याची लोककथा त्यांनी लहानपणी कराडात ऐकलेली आहे. ती महाराष्ट्रभर सांगितली जाते. गंमत अशी की तो पाव हा शब्दच पोर्तुगीज. पोर्तुगीज वसईत १५३४मध्ये आले आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत राहिले. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून हिंदुस्थानात आली, मूळची मेक्सिकोच्या बाजूची. बाबांचा रविवारचा नाश्ता मिसळ-पाव आहे. म्हणजे त्यांना ज्या पदार्थाने घराची आठवण येते, त्यातला लाल तर्री आणि शेजारचा पाव या दोन्ही गोष्टी याच किनाऱ्यांवर उतरलेल्या. हे मी त्यांना रिक्षात सांगितलं नाही. वडिलांना जेवायला नेताना त्यांना इतिहास शिकवू नये.

त्या प्रश्नाचं उत्तर आईने परस्पर घेऊन ठेवलं होतं. फोनवरच तिने सरळ विचारलं होतं, आणि बाईंनी न रागावता सांगितलं होतं की आज फक्त मासे, ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस चालू आहेत, शुक्रवारी घरात मटण शिजत नाही. त्यावर आई म्हणाली, ‘आमचा गुरुवार काल झाला.’ दोन बायकांनी वारांची अदलाबदल केली आणि बाबांचा प्रश्न संपला. समीक्षणांत ‘हायजिन’ हा शब्द येतो. आमच्या आईवडिलांच्या पिढीचे प्रश्न मात्र शुद्धीचे, सवयीचे, संकोचाचे असतात. ते लिहून विचारता येत नाहीत, पण विचारले जातात. त्यातले काही प्रश्न चुकीचेही असतात. ते माणसासमोर माणसाने विचारले तर निदान सुटायची शक्यता असते.

जेवण साधं होतं. बोंबील, कारण त्याचा काटा मऊ. बाबांसाठी पापलेट, कारण मधला काटा काढला की झालं. तांदळाची भाकरी, आंबट पातळ कालवण, भात. पक्क्या भिंतींच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, लाकडी टेबलावर. पाऊण वाजता सांगितलेलं पाऊण वाजता. मासा म्हणजे कटकट मानणाऱ्या माणसाने दुसरी तुकडी मागितली, आणि मागून झाल्यावर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी दुसरीकडे बघावं.

‘चालेल’चं काय करायचं

इथवर वाचून कुणाला वाटेल की आईवडिलांसाठी हॉटेल निवडायचं म्हणजे उजेड, पायऱ्या, मीठ, काटे, वेळ यांची यादी करायची आणि सगळ्यावर खूण झाली की झालं. ही यादी मी खरंच केली होती, फोनमध्ये. उपयोगी आहे. पण तिच्यात एक धोका आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे.

ती यादी पेशंटची आहे. कमी तिखट, कमी मीठ, मऊ, लवकर, जवळ. ती प्रामाणिकपणे पाळली तर चार दिवस आईबाबांना सुरक्षित जेवण मिळेल आणि एकदाही स्वतः काही निवडायला मिळणार नाही. लहानपणी हॉटेलात बाबा ऑर्डर द्यायचे. कराडच्या स्टँडजवळच्या हॉटेलात ते मेन्यू न बघता सांगायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत असायचो. माणूस चारचौघांत मोठा असतो त्या जागांपैकी ती एक. मग कधीतरी फोन आपल्या हातात आला, ॲप आपलं, पैसे आपण ऑनलाइन देतो, बिल टेबलावर येतच नाही. त्या दिवसापासून ते ‘काहीही चालेल’ म्हणायला लागले. हा समजूतदारपणा असेल. मला त्यात माघारही ऐकू येते.

शेवटच्या दिवशी सकाळी स्टेशनजवळच्या उडप्याकडे बाबांनी मला विचारून इडली सांगितली नाही. त्यांनी मिसळ सांगितली, वर कांदा, वर जास्तीचा पाव. आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या यादीत मिसळीपुढे लाल खूण होती. मी काही बोललो नाही. त्यांनी सावकाश, घाम पुसत, पूर्ण खाल्ली, आणि बिल आल्यावर वरच्या खिशातून नोटा काढल्या. वाटेत आईने स्टेशनबाहेर सुकेळी विकत घेतली, पानात बांधलेली, राजेळी केळ्यांची, साखरेच्या माणसाने खाऊ नये अशी गोड. ‘घरी गेल्यावर एक-एक खाऊ,’ ती म्हणाली. त्यावरही मी काही बोललो नाही. रोज असं चालणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गोळ्या त्या दोघांच्या पोटात जातात.

म्हणून चांगलं हॉटेल कोणतं, याची माझी व्याख्या या चार दिवसांत सरकली. जिथे आईवडिलांना त्रास होत नाही ते ठीक. जिथे त्यांना पुन्हा मत असतं, ते चांगलं. वाडीतलं घर आणि स्टेशनजवळचा उडपी यांत बाकी काहीच सारखं नाही. एवढंच सारखं आहे.

रिव्ह्यू कसा लिहावा

मागणी साधी आहे. स्टार देणं थांबवा असं मी म्हणत नाही, मीही देतो. पण आकड्याखाली दोन ओळी खाणाऱ्याबद्दल लिहा. तुमचं वय, बरोबर कोण होतं, कुठला महिना, किती वाजता, किती भूक. ‘आम्ही चौघं, पंचविशीतले, रात्री दहा वाजता, मे महिना, सुरमई थाळी’ एवढं वाचलं तर सत्तरीतल्या बाईच्या मुलाला कळेल की हे आपल्यासाठी नाही, आणि तुमचे पाच स्टार खोटेही ठरणार नाहीत. आणि आईवडिलांबरोबर गेलात तर त्यांना विचारून लिहा. ज्या बाईने आयुष्यभर दिवसातून दोनदा स्वयंपाक केला, तिच्याइतका तयार समीक्षक त्या टेबलावर दुसरा नसतो. तिला स्टार द्यायला सांगू नका. ‘घरी केलं असतंस तर काय बदललं असतंस?’ एवढंच विचारा.

वाडीतल्या बाईंचं नाव आणि नंबर मी इथे देत नाही. त्यांनीच नको म्हटलं. नकाशावर खूण टाकू का असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग रोज पन्नास फोन येतील, मी विचारू कधी?’ समीक्षेने ज्या जागेचं भलं व्हावं तिचं त्याने नुकसानही होऊ शकतं, हा प्रश्न माझ्याकडे सुटलेला नाही. तुम्हाला तुमचा रिक्षावाला शोधावा लागेल.

पण मत नोंदवतो, कारण ते माझं नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘कालवणात आंबट जरा पुढे होतं, मी असते तर अर्धंच घातलं असतं. बोंबील उत्तम. भाकरी माझ्यापेक्षा चांगली होती त्यांची, पीठ गरम पाण्यात मळतात वाटतं.’ बाबांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, ‘पापलेट केवढ्याला पडलं?’ मी आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘योग्य आहे.’